विहारात तरुण का येत नाहीत? प्रश्न जुना आहे, उत्तरही जुनेच आहे

दरवर्षी वर्षावास सुरू झाला की एक तक्रार हमखास ऐकू येते. ग्रंथवाचनाला पांढऱ्या साड्या नेसून उपासिका येतात, नोकरीतून निवृत्त झालेले चार-दोन उपासक येतात, पण तरुण मुले विहाराकडे फिरकत नाहीत. हीच मुले १४ एप्रिलच्या मिरवणुकीत रात्रभर नाचतात, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर तासन्‌तास रांगेत उभी राहतात. रविवारच्या वंदनेला मात्र दहा डोकी! मग कोणी मोबाइलला दोष देतो, कोणी डीजेला, कोणी आईबापांना. त्यावर उपायही ठरलेले आहेत. बालसंस्कार शिबिरे घ्या, लहानपणीच चीवर द्या, वंदना तोंडपाठ करून घ्या, 'ते' जसे मुलांना कोवळ्या वयात पकडतात तसे आपणही पकडा.

आमचा आक्षेप या 'पकडा' शब्दाला आहे. नव्या पिढीला धरून ठेवण्याची चिंता काही आपल्याच समाजाला पडलेली नाही. गेल्या अडीचशे वर्षांत चर्चला ती पडली, श्रीलंकेतल्या बौद्धांना पडली, आणि खुद्द बाबासाहेबांनीही तिचा विचार केला. कोणी काय केले आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हे न बघताच आपण दुसऱ्यांचे सर्वांत वाईट तेवढे उचलत आहोत.

सुरुवात बाबासाहेबांच्याच घरापासून करू. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी त्यांनी लिहिलेली, पण पहिल्या आवृत्तीत न आलेली एक प्रस्तावना आहे. ती प्रत्येक कार्यकर्त्याने वाचली पाहिजे. त्यात ते सांगतात की वडील रामजीबाबा कबीरपंथी होते, मूर्तिपूजा मानत नव्हते. तरीही घरात गणपती बसवत, आणि तो मुलांसाठी म्हणून बसवत. मुलांना घराच्या धार्मिक वातावरणात ठेवण्याचा हा प्रत्येक बापाचा मार्ग. पण ज्या मुलासाठी गणपती बसत होता, त्या मुलालाच ते आवडत नव्हते! शिवाय रोज झोपण्यापूर्वी बहिणींना आणि जमलेल्या मंडळींना रामायण-महाभारतातला भाग वाचून दाखवण्याची सक्ती होती. हे वर्षानुवर्षे चालले. परिणाम काय झाला? भीमराव श्रद्धाळू झाले नाहीत, त्यांच्या मनात प्रश्न उभे राहिले. राम असा का वागला, महाभारतातली ही माणसे अशी का, हे त्यांना त्या सक्तीच्या वाचनातूनच खटकू लागले.

पुढे ते इंग्रजी चौथी पास झाले तेव्हा समाजाच्या लोकांनी सत्काराची सभा घेतली. रामजीबाबांचा विरोध होता, पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून. कृष्णराव अर्जुन केळुसकर मध्ये पडले, सभा झाली, आणि केळुसकरांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले. ते वाचून मुलगा थेट वडिलांना विचारायला गेला की आम्हाला बौद्ध साहित्याची ओळख का करून दिली नाही? ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची हीनता सांगणारे ग्रंथच का वाचायला लावता? रामजीबाबांनी उत्तर दिले, द्रोण आणि कर्ण यांची उदाहरणे दिली, आपण अस्पृश्य असल्याने मुलांच्या मनात न्यूनगंड राहू नये म्हणून हे वाचायला लावतो असे सांगितले. मुलाचे समाधान झाले नाही.

या घटनेचा अर्थ नीट पाहा. एका बाजूला रोजची सक्ती, घरातला उत्सव, वडिलांचा कडक शिस्तीचा धाक. दुसऱ्या बाजूला एकच पुस्तक, तेही सक्तीचे नाही, सत्कारात मिळालेले. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते घर असे होते की मुलगा बापाला जाब विचारू शकत होता आणि बाप गप्प न बसवता उत्तर देत होता. उत्तर पटले नाही, ती गोष्ट वेगळी. आज आपल्या किती विहारांत सोळा वर्षांचा मुलगा उठून विचारू शकतो की ही पाली गाथा मी का म्हणू, तिचा अर्थ काय? विचारलेच तर 'आधी पाठ कर' एवढेच उत्तर मिळते.

आता रविवारबद्दल. रविवारी मुलांना एकत्र करून धर्म शिकवायचा ही पद्धत मुळात ख्रिस्ती. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स नावाच्या वृत्तपत्राच्या मालकाने १७८० मध्ये रविवारची शाळा सुरू केली. त्या शहरात टाचण्यांचे कारखाने होते आणि त्यांत लहान मुले सहा दिवस राबत. सुट्टी एकच, रविवारची. त्या दिवशी ही मुले रस्त्यावर हुंदडतात, शिव्या देतात, म्हणून सभ्य लोक वैतागले होते. रेक्सने त्यांना गोळा करून वाचायला शिकवले. पुस्तक अर्थातच बायबल. चळवळ झपाट्याने पसरली, पुढच्या पन्नास वर्षांत लाखो मुले अशा शाळांत जाऊ लागली.

ही मुले तिथे देवाच्या ओढीने जात होती काय? अक्षर मिळत होते म्हणून जात होती. दुसरीकडे कुठे मिळतच नव्हते. आणि विरोध कोणी केला तेही पाहा. गरिबांची पोरे वाचायला शिकली तर ती आपली पायरी विसरतील, नको ती पत्रके वाचतील, अशी ओरड तिथल्या उच्चवर्गीयांनी केली. काही धर्मगुरूंनी तर वाचायला शिकवा पण रविवारी लिहायला शिकवू नका असा आग्रह धरला. पवित्र दिवशी लेखन हे काम ठरते म्हणे! ज्यांच्या पूर्वजांना अक्षरबंदी होती त्या आपल्या वाचकांना यातली मेख वेगळी समजावून सांगायला नको. (मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी लढणारे नारायण मेघाजी लोखंडे सत्यशोधक होते. आपली रविवारची वंदनासुद्धा त्या लढ्याची ऋणी आहे.)

१८४४ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स आणि त्याच्यासारख्याच कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या तरुणांनी 'वायएमसीए' स्थापन केली. गावाकडून शहरात आलेला, दुकानातच राहणारा, दिवसभर उभा राहून थकलेला तरुण संध्याकाळी जाणार कुठे? या प्रश्नाला ती संस्था उत्तर होती. नंतर तिच्या इमारतींत वाचनालये आली, व्यायामशाळा आल्या, राहायच्या खोल्या आल्या. धर्म होताच, पण दार उघडत होते ते गरजेच्या बाजूने.

मिशनरी मंडळी हाच नमुना घेऊन आशियात आली. आपल्याकडे पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत एक माळ्याचा मुलगा शिकला, जोतीराव फुले. मिशनला तो ख्रिस्ती म्हणून मिळाला नाही. त्याने १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, १८७३ च्या सप्टेंबरात सत्यशोधक समाज काढला. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, ऑगस्ट १८७३ मध्ये, श्रीलंकेत पानदुरा येथे गुणानंद थेरो यांनी ख्रिस्ती धर्मप्रचारकांशी जाहीर वादविवाद केला होता. दोन्हीकडे मिशनने आणलेली हत्यारे, म्हणजे शाळा, छापखाना आणि जाहीर चर्चा, मिशनच्याच पुढ्यात येऊन उभी राहिली.

श्रीलंकेचे उदाहरण आपल्या फार जवळचे आहे, म्हणून तिथे थोडे थांबू. तिथली बौद्ध मुले मिशनच्या शाळांत बायबल पाठ करत होती, कारण सरकारी अनुदान मिळणाऱ्या बहुतेक चांगल्या शाळा मिशनच्याच होत्या. पुढे अनागारिक धम्मपाल म्हणून जगाला माहीत झालेला मुलगाही अशाच शाळांत शिकला. १८८० मध्ये कर्नल हेन्री ऑल्कॉट हा अमेरिकन माणूस तिथे आला, त्याने पंचशील घेतले, आणि त्याच्या लक्षात आले की विहार भरपूर आहेत, भिक्खूही भरपूर आहेत, पण शाळा नाहीत. मग त्याने ख्रिस्ती प्रश्नोत्तरीच्या धर्तीवर 'बुद्धिस्ट कॅटेकिझम' लिहिले, ते १८८१ मध्ये निघाले. १८८६ मध्ये कोलंबोत आनंद कॉलेज झाले. १८९५ मध्ये गॉल येथील विजयानंद विहारात रविवारची धम्मशाळा भरू लागली. १८९८ मध्ये कोलंबोत 'यंग मेन्स बुद्धिस्ट असोसिएशन' निघाली, नावासकट वायएमसीएची नक्कल! आपण आज ज्या पंचरंगी ध्वजाला वंदन करतो तोही १८८५ मध्ये कोलंबोतच तयार झाला आणि वेसाकला पहिल्यांदा फडकला. गणनाथ ओबेसेकेरे या श्रीलंकेच्याच मानववंशशास्त्रज्ञाने या सगळ्याला 'प्रोटेस्टंट बौद्ध धर्म' असे नाव दिले आहे.

श्रीलंकेत आजही रविवारी पांढऱ्या गणवेशातली मुले धम्मशाळेत जाताना दिसतात. म्हणजे मुले टिकवण्यात ते यशस्वी झाले. पण आमचा प्रश्न पुढचा आहे. त्या शाळांनी जात मोडली का? तिथला सियाम निकाय आजही गोयिगम या उच्च जातीपलीकडच्यांना दीक्षा देत नाही. इतर जातींच्या लोकांना एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा घ्यावी लागली, त्यातून अमरपुर निकाय उभा राहिला. शंभर-सव्वाशे वर्षे रविवारच्या शाळा भरल्या, पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी पंचशील म्हटले, आणि संघातली जात जागच्या जागी राहिली. मुले टिकली, पण प्रश्न विचारणारी मुले तिथे किती तयार झाली? 'आपलीही मुले लहानपणापासून विहारात आली पाहिजेत' एवढेच म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

बाबासाहेबांनी हे सगळे डोळ्यांनी पाहिले होते. १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी ते श्रीलंकेला गेले. तिथला बौद्ध धर्म केवळ विधींपुरता उरला आहे की जिवंत आहे, हे त्यांना पाहायचे होते. कोलंबोत त्याच यंग मेन्स बुद्धिस्ट असोसिएशनमध्ये त्यांनी भारतातल्या बौद्ध धर्माच्या उदयास्तावर भाषण केले. त्याच वर्षी महाबोधी सोसायटीच्या मासिकात 'बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य' हा त्यांचा लेख आला. त्यात त्यांनी आळशी भिक्खुसंघावर कोरडे ओढले आणि संघाने ख्रिस्ती प्रचारकांप्रमाणे लोकांत जाऊन सेवा करावी असे बजावले. नंतर ब्रह्मदेशच्या बुद्ध शासन कौन्सिलसाठी त्यांनी भारतातल्या बौद्ध चळवळीचा आराखडा केला. त्यात एक बौद्ध धर्मग्रंथ, उपासकांसाठी दीक्षाविधी, पगारी गृहस्थ प्रचारक, प्रचारकांसाठी प्रशिक्षण विद्यालय, आणि दर रविवारी विहारात सामुदायिक वंदना व त्यानंतर प्रवचन, अशी मांडणी आहे.

आपण यातले काय घेतले? रविवारची वंदना घेतली. प्रवचनाच्या जागी सूचना, वर्गणी आणि सत्कार आले. प्रशिक्षित प्रचारकाच्या जागी माईक मिळेल तो बोलू लागला. आराखड्यातला सगळ्यात सोपा तुकडा उचलायचा आणि मग तरुण येत नाहीत म्हणून रडायचे!

आणखी एक क्रम आपण विसरतो. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ ची. मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ चे, औरंगाबादचे महाविद्यालय १९५० चे, जे पुढे मिलिंद झाले. भारतीय बौद्ध महासभा १९५५ ची. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. म्हणजे बाबासाहेबांनी विहाराआधी कॉलेज बांधले आणि त्याला बुद्धाचे नाव दिले. मिलिंद नावातही योजना आहे. मिलिंद म्हणजे नागसेनाला उलटसुलट प्रश्न विचारून भंडावणारा राजा. सिद्धार्थचे वर्ग सकाळी लवकर भरत, कारण विद्यार्थ्यांना दहा वाजता कचेरीत कामावर जायचे असे. ग्लॉस्टरच्या मुलाला रविवार मोकळा होता म्हणून शाळा रविवारी, मुंबईच्या कारकुनाला सकाळ मोकळी होती म्हणून कॉलेज सकाळी. तरुणाचे वेळापत्रक आधी पाहायचे आणि संस्थेचे नंतर ठरवायचे, असा हा हिशेब होता.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाच्या रात्री नागपुरात शोकाकुल जनतेला धीर देणारे भन्ते संघरक्षित यांनीही १९५० मध्ये कॅलिम्पाँगला तरुणांची बौद्ध संघटना काढली होती. तिथे टेबल टेनिसचे टेबल होते आणि संध्याकाळी परीक्षेची शिकवणी होती. मुले तेवढ्यासाठी येत, आणि त्यातली काही धम्मावरच्या चर्चेलाही बसत. यात कमीपणा कसला?

आता श्रामणेर शिबिरांकडे येऊ. मोठ्या माणसांनी दहा दिवस शील पाळण्याला आमचा विरोध नाही. पण आठ-नऊ वर्षांच्या मुलांचे मुंडण करून, चीवर देऊन, फोटो काढून ते समाजमाध्यमांवर टाकण्याचा जो उत्साह दिसतो, त्याने विनयपिटकातला महावग्ग एकदा वाचावा. राजगृहात उपाली नावाचा मुलगा होता. आईबाप विचार करतात, याला काय शिकवावे? लिहिण्याचे काम दिले तर बोटे दुखतील, हिशेबाचे दिले तर छाती दुखेल, तिसरे काही दिले तर डोळे दुखतील. त्यापेक्षा हे शाक्यपुत्र श्रमण बरे, चांगले खातात, निवाऱ्यात झोपतात. उपालीने हे ऐकले आणि सोबत्यांना घेऊन संघात गेला. एकूण सतरा मुले. पहाटे उठून ती पेज मागत रडू लागली. भिक्खू म्हणाले उजाडू द्या, असली तर मिळेल. मुले रडत राहिली, अंथरुणे खराब केली. बुद्धांनी आवाज ऐकून आनंदाला विचारले, हा मुलांचा आवाज कसला? आणि मग नियम केला की वीस वर्षांखालच्या कोणालाही उपसंपदा देऊ नये, तेवढ्या वयाचा माणूस भूक, तहान, थंडी, कठोर बोलणे सहन करू शकत नाही.

राहुलच्या वेळी शुद्धोदनाने आपले दुःख सांगितले, मुलाचे प्रेम कातडी भेदून हाडांच्या मगजापर्यंत जाते म्हणाला, तेव्हा आईबापांच्या संमतीवाचून मुलाला प्रव्रज्या नाही हा नियम झाला. पंधरा वर्षांखालच्या मुलाला श्रामणेरही करू नये असाही नियम झाला. पुढे एक कुटुंब साथीत मेले आणि दोनच पोरे उरली, तेव्हा बुद्धांनी विचारले, ती कावळे हाकलू शकतात का? तेवढी मोठी असतील तर चालेल. अनाथ मुलांना आसरा मिळावा म्हणून केलेली ही सवलत होती. आज ती संख्या वाढवण्यासाठी वापरली जाते.

अडीच हजार वर्षांपूर्वी ज्या संस्थेने मुलांना आत घेण्यावर वयाची आणि संमतीची अट घातली, तिचे आपण वारस. आणि आपण म्हणतो लहानपणीच पकडा!

आमच्या मते खरी अडचण इथेच आहे. येवल्याला १९३५ मध्ये बाबासाहेबांनी जाहीर केले की हिंदू म्हणून जन्मलो ते माझ्या हातात नव्हते, पण हिंदू म्हणून मरणार नाही. धर्म जन्माने चिकटतो आणि माणसाने तो विचार करून निवडला पाहिजे, हाच त्या घोषणेचा गाभा. १९५६ मध्ये दीक्षाभूमीवर उभ्या राहिलेल्या माणसांनी निवड केली, बावीस प्रतिज्ञा आपल्या तोंडाने घेतल्या, घरातले देव पाण्यात सोडले, गावाशी वैर पत्करले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक बौद्ध नोंदले गेले. त्यातले बहुसंख्य १९५६ नंतर जन्मलेले. त्यांना धम्म मिळाला तो दाखल्यावर, आडनावाबरोबर, बारशाच्या गाथांबरोबर. म्हणजे जन्माने! बाबासाहेबांनी जो दोष हिंदू धर्मात दाखवला तोच आपण आपल्या मुलांच्या बाबतीत करतो आहोत, आणि वर त्यांना ओढ का नाही म्हणून विचारतो. ज्याने कधी निवडलेच नाही, त्याला निवडीची किंमत कशी कळणार?

यावर आम्हाला सुनावले जाईल की निवडीची भाषा केलीत तर मुले गणपती मंडळात जातील, गरब्याला जातील, त्यांचे लोक दारात उभेच आहेत. ही भीती खोटी नाही. सार्वजनिक उत्सवाने तरुणांना ओढायचे तंत्र १८९३ पासून पुण्यात गणपतीच्या मेळ्यांनी पक्के बसवले, आणि त्याला उत्तर म्हणून ब्राह्मणेतर तरुणांनी छत्रपती मेळा काढला, आपल्या माणसांनी आंबेडकरी जलसे उभे केले. जलशात गाणारी पोरे गल्लीतली, कापड गिरणीतली होती. पण ती उत्सवाची नक्कल नव्हती. जलशातला वग चवदार तळ्याबद्दल बोलत होता, सावकाराबद्दल बोलत होता, म्हणजे ऐकणाऱ्याच्या जगण्याबद्दल. नुसत्या गजराने ओढायचे म्हटले तर त्यांचा गजर आपल्यापेक्षा नेहमीच मोठा असणार. त्यांच्याकडे पैसा आहे, सत्ता आहे, रस्ता आहे.

म्हणून आम्ही दोन गोष्टी सुचवतो. पहिली, विहार आठवडाभर उघडा ठेवा. ज्या वस्त्यांतल्या विहारांत अभ्यासिका चालते, तिथे तरुण येत नाहीत ही तक्रार आम्ही ऐकलेली नाही. दहा बाय दहाच्या घरात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याला टेबल, दिवा आणि शांतता हवी असते. मुलींना सुरक्षित जागा हवी असते, आणि सायंकाळी सातनंतर विहाराला कुलूप लावणाऱ्या विश्वस्तांनी त्यांचा विचारच केलेला नसतो. समितीवर तीस वर्षांखालचे किमान दोघे घ्या, त्यात एक मुलगी असू द्या, आणि त्यांच्याकडे किल्ली आणि हिशेबाची वही द्या, नुसते खुर्च्या लावायचे काम नको.

दुसरी गोष्ट काहींना झोंबेल. अशोक विजयादशमीला वस्तीतल्या सज्ञान झालेल्या मुलामुलींपुढे बावीस प्रतिज्ञा ठेवा. त्याआधी वर्षभर त्यावर चर्चा घ्या, विरोधी प्रश्नांसकट. मग ज्याला पटेल त्याने उभे राहून दीक्षा घ्यावी. ज्याला पटणार नाही त्याने बसून राहावे, त्याच्या आईबापांना कोणी टोमणा मारू नये, आणि अभ्यासिकेतली त्याची जागाही जाऊ नये. 'अर्ध्यांनी नाही म्हटले तर?' असे आम्हाला एका बैठकीत विचारले गेले. नाही म्हटले तर पुढच्या वर्षी पुन्हा चर्चा घ्यायची. उपालीच्या सोबत्यांना बुद्धांनी वीस वर्षांचे होईपर्यंत थांबायला सांगितले होते, आपल्यालाही एखाद्या वर्षाची घाई नाही.